१९७९च्या कमॅरोचा कॅमशाफ्ट: एका हिवाळ्याच्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार

उद्या लक्ष्मीपूजन. सकाळी शेजाऱ्यांकडे फराळाचे डबे पोचवले आणि दुपारी कमॅरोच्या इंजिनातून कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, बाहेर काढला. इंजिन गेल्या आठवड्यातच स्टँडवर चढवलं होतं. शेव्हरोलेचं ३५० घन इंचाचं व्ही-८, ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर व्ही अक्षर, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात जुळलेलं. मिशिगनमधल्या आमच्या स्टर्लिंग हाइट्सपासून फ्लिंट तासाभराच्या रस्त्यावर आहे.

गाडी घेतल्यापासून डाव्या बाजूने एक बारीक टकटक यायची आणि वेग वाढवताना इंजिन अडखळायचं. कारण आज हातात आलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट लोबचं (उंचवट्याचं) नाक झिजून गोल झालंय. मायक्रोमीटरने सगळे सोळा लोब मोजले. इनटेकची उचल ०.२६० इंच, एक्झॉस्टची ०.२७३. रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) गुणोत्तर दीड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो ०.३९० आणि ०.४१० इंच. कंपनीने दिलेला हाच तो मवाळ कॅम. झिजलेला लोब मात्र ०.२२१. त्याच्यावर बसून उचल पुढे पोचवणाऱ्या टॅपेटचा तळ बशीसारखा खोलगट झालाय.

कॅमच्या दोन लोबांच्या मधल्या अंगावर ओतीव अक्षरं दिसली: सीडब्ल्यूसी. कॅम्बेल, वायंट अँड कॅनन ही मिशिगनच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या मस्कीगनची फाउंड्री. अमेरिकन गाड्यांचे कितीतरी कॅम तिथल्या साच्यांतून निघाले. माझं लहानपण सोलापुरात गेलं आणि अण्णांची उमेद कॅमशाफ्टच्या ओतकामात गेली, त्यामुळे ती अक्षरं बघून मी बराच वेळ तो जड दांडा हातात धरून बसलो होतो.

२५ नोव्हेंबर

ब्लॉक मशीन शॉपमध्ये दिला. सिलिंडरला काठ पडलाय, तेव्हा बोअर (सिलिंडरचा व्यास) तीस थाऊ वाढवावा लागेल. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथेही शॉपफ्लोरवर हाच शब्द, आमच्याकडेही हाच.) बोअर ४.०३०, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८, म्हणजे ३५० चं ३५५ होईल. पिस्टन सपाट माथ्याचे, व्हॉल्व्हसाठी चार खाचा असलेले.

कॅमचा विचार इतक्यात करायचा नाही असं ठरवलंय. कॅटलॉग उघडून मोठ्या उचलीचा कॅम आधी पसंत करायचा आणि मग बाकीचं इंजिन त्याच्या मागे ओढायचं, हा क्रम उलटा आहे. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते), हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण), गिअर, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा), ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम हे सगळं कागदावर आलं की कॅमसाठी किती जागा उरली ते दिसतं.

९ डिसेंबर

हेड मिळाली. जुन्या गाड्यांच्या यार्डात १९९७च्या पिकअपवरची जोडी होती, कास्टिंग नंबरचे शेवटचे आकडे ९०६. ही व्हॉर्टेक हेड १९९६ ते २००० दरम्यान जनरल मोटर्सच्या ट्रकांवर येत. इनटेक व्हॉल्व्ह १.९४ इंच, एक्झॉस्ट दीड इंच, चेंबर (मिश्रण पेटतं ती हेडमधली पोकळी) साधारण ६४ सीसी. माझ्या गाडीची मूळ हेड ७६ सीसीची. व्हॉर्टेकचं ओतीव लोखंड पातळ असतं आणि तडे जातात, म्हणून पैसे देण्याआधी दोन्ही हेड प्रेशर टेस्टला नेली. दोन्ही पास.

या हेडसाठी इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो. जुन्याला बारा बोल्ट, याला आठ, आणि तेही उभे. रॉकरही वेगळे. व्हॉल्व्हच्या टोकावर आपोआप सरळ राहणारे सेल्फ-अलाइनिंग रॉकर यांना लागतात आणि त्यांच्या जोडीला पुशरॉडच्या (टॅपेट आणि रॉकरमधल्या दांडीच्या) गाइड प्लेट चालत नाहीत. दोन्ही एकदम बसवलं तर रॉकर दोन्हीकडून अडकतो आणि व्हॉल्व्हचं टोक खातो.

१६ डिसेंबर

मुलीला सोबत घेऊन चेंबर मोजले. हेड उलटं ठेवून कडेला ग्रीस लावलं, वर भोक पाडलेली अॅक्रेलिकची पट्टी दाबली आणि ब्युरेटमधून निळं पाणी सोडलं. आकडे तीच वाचत होती, मी लिहीत होतो. आठही चेंबर ६५.२ ते ६५.८ मध्ये आले. मी ६५.५ धरले.

बाकीचा हिशेब: पिस्टनच्या खाचा ७ सीसी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्या) खाली २५ थाऊ म्हणजे ५.२ सीसी, २८ थाऊची पातळ गॅस्केट ६.१ सीसी. एकूण ८३.८. एका सिलिंडरमध्ये पिस्टनने व्यापलेली जागा ७२७.४ सीसी. कॉम्प्रेशन ९.६८ला १.

जाड गॅस्केट घातली असती तर कॉम्प्रेशन थोडं उतरलं असतं, पण पिस्टन आणि हेडमधली फट वाढली असती. ती फट अरुंद असली की शेवटच्या क्षणी मिश्रण जोरात ढवळलं जातं आणि इंजिन ठोकत नाही (मिश्रण आपोआप पेटून खडखडत नाही). माझी फट ५३ थाऊ होते. आदर्श चाळीसच्या आसपास. डेक तासून घ्यायचा खर्च या वेळी टाळला. पुन्हा इंजिन उघडलं तर तो पहिला करेन.

२३ डिसेंबर

आज कॅमचा दिवस. बाहेर बर्फ, गॅरेजात इलेक्ट्रिक हीटर आणि फळीवर चार पानांचा हिशेब.

कॉम्प कॅम्सच्या एक्सई मालिकेतले तीन कॅम शेजारी शेजारी मांडले. तिन्ही हायड्रॉलिक, सपाट टॅपेटचे, तिन्हींत इनटेक आणि एक्झॉस्ट लोबांच्या माथ्यांमधला कोन ११० अंश.

२५६: टॅपेट पन्नास थाऊ उचललेला असतानाचा अवधी २१२ आणि २१८ अंश, उचल ०.४४७ आणि ०.४५४.
२६२: २१८ आणि २२४ अंश, उचल ०.४६२ आणि ०.४६९.
२६८: २२४ आणि २३० अंश, उचल ०.४७७ आणि ०.४८०.

कागदावर फरक सहा-सहा अंशांचा, पण गाडीला तो चांगला जाणवतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो काळ छोट्यापासून मोठ्याकडे ४२, ४६, ५४ अंश असा वाढत जातो. हा ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला जळलेला वायू इनटेकमध्ये मागे येतो, व्हॅक्यूम पडतो आणि गाडी हलायला लागते. रस्त्यावरच्या सिग्नलला तो गुरगुराट ऐकायला छान वाटतो. पण माझ्या गाडीला व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर आहे, आणि पुढच्या सीटवर माझी मुलगी बसते.

दुसरी गोष्ट इनटेक बंद कधी होतो ही. पिस्टन तळाला पोचून वर येऊ लागला तरी इनटेक उघडाच असतो. तो मिटल्यावरच खरं दाबणं सुरू होतं. बंद होण्याचा कोन २५६ ला ५४ अंश, २६२ ला ५७, २६८ ला ६०. त्यावरून खरोखर दाबलं जाणारं कॉम्प्रेशन काढलं: ८.३३, ८.१८, ८.०२. म्हणजे कॅम लहान घेतला की तेच इंजिन पेट्रोलच्या बाबतीत जास्त चोखंदळ होतं. लोखंडी हेड असताना ९३ ऑक्टेनवर सव्वाआठच्या पुढे जायला माझं मन घेत नाही. २५६ इथेच बाद झाला. लहान कॅम म्हणजे सुरक्षित कॅम असं सरसकट समजणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

राहिला २६८. सगळ्यांचा आवडता. त्याला कन्व्हर्टर मोकळा लागतो, मागचा गिअर साडेतीनच्या जवळपासचा लागतो. माझ्याकडे टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कंपनीचाच कन्व्हर्टर, मागे ३.०८. सत्तावीस इंची टायरवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम २५०० फेऱ्यांवर फिरतं. माझी गाडी जन्माचा बराचसा वेळ तिथेच काढणार. २६८ला तिथे नुकती जाग येत असते.

२६२ ठरला. कन्व्हर्टर आणि गिअर न बदलता या गाडीत बसू शकणारा हा सगळ्यात मोठा कॅम आहे, असं माझं मत.

३० डिसेंबर

रोलर की सपाट टॅपेट, यावर आठवडाभर डोकं चालवलं.

१९८७ पासून मोटारींच्या ३५० मध्ये कंपनीच रोलर टॅपेट घालायला लागली, त्या ब्लॉकमध्ये त्यांना सरळ धरून ठेवायची सोय आहे. माझ्या १९७९च्या ब्लॉकमध्ये ती नाही. इथे रोलर घालायचे तर जोडीजोडीने पट्टीने बांधलेले टॅपेट लागतात. कॅम पुढेमागे सरकू नये म्हणून पुढे बटन लागतं, कारण रोलर कॅमचे लोब निमुळते नसतात. पुशरॉड आखूड लागतात. कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) गिअरही त्याला मानवणारा हवा. सगळं मिळून खर्च तिपटीच्या घरात. त्या बदल्यात झिजेची धास्ती जाते आणि तेवढ्याच अवधीत व्हॉल्व्ह जास्त वेळ जवळजवळ पूर्ण उघडा राहतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने रोलरच घ्यावा, यात मला शंका नाही.

मी सपाट टॅपेट घेतोय. पैसा हे एक कारण. दुसरं असं की हा भाग कसा बनतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, तो कशाने जगतो आणि कशाने मरतो हे मला ठाऊक आहे. आणि तो तपासायला लागणारी चिकाटी माझ्याकडे आहे.

१४ जानेवारी २०२४

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस. अण्णांना फोन केला तेव्हा ते नंदीध्वजांची मिरवणूक बघून नुकते घरी टेकले होते. मी कॅमेरा नव्या कॅमवर धरला. काळा फॉस्फेट चढवलेला, तेल धरून ठेवणारा.

"चिल केलेला हाय का?" त्यांचा पहिला प्रश्न.

नाही, म्हटलं. अमेरिकेतल्या या जुन्या व्ही-८च्या कॅमचं लोखंड बहुधा ओतल्यानंतर ज्योतीने किंवा इंडक्शनने कडक करतात. आमच्याकडची पद्धत निराळी. वाळूच्या साच्यात जिथे लोब येणार तिथे आधीच लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. चौदाशे अंशांचा रस त्यांना भिडला की तिथे झटक्यात थिजतो. कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही आणि काचेसारखं कडक कार्बाइड तयार होतं. मधला गाभा सावकाश थंड होतो, राखाडी आणि चिवट राहतो. अण्णा प्रत्येक पाळीला एक नमुना फोडून बघत. तुटलेल्या तोंडावर कडेची पांढरी पट्टी किती खोल गेलीय आणि तिचा राखाडीशी सांधा कुठे पडलाय, यावर त्या पाळीचा माल ठरायचा. मला शाळेत असताना त्यांनी असा एक तुकडा आणून दिला होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतून आज जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचं नाव इथल्या मोटार उद्योगातल्या लोकांनाही माहीत आहे. इथे कोणी गाव विचारलं की चादरीच्या आधी माझ्या तोंडात कॅमशाफ्ट येतो.

अण्णांनी कॅमचं फार कौतुक केलं नाही. म्हणाले, "कॅम ठीक हाय. टॅपेटचा तळ बघितलास का? तो बघितल्याशिवाय आत सोडू नकोस."

२० जानेवारी

टॅपेट बघितले.

सपाट टॅपेट हा शब्दच फसवा आहे. त्याचा तळ सपाट नसतो, किंचित फुगीर असतो, मोठ्या गोलाचा जणू इवलासा काप. लोबही एका बाजूला एक-दोन थाऊ निमुळता घासलेला असतो. या दोन्हींमुळे लोब टॅपेटला मध्यावर न भिडता थोडा बाजूला भिडतो आणि फिरता फिरता टॅपेटलाही गोल फिरवतो. टॅपेट फिरत राहिला की झीज सगळीकडे वाटली जाते. थांबला की एकाच रेघेवर घासतो आणि काही मिनिटांत लोबचं नाक उतरतं. माझ्या तिसऱ्या नंबरच्या लोबचं बहुतेक तेच झालं.

दोन टॅपेटचे तळ एकमेकांना लावून खिडकीच्या उजेडात धरायचे. कडेने उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे आणि बोटांत ते किंचित डुलले पाहिजेत. सोळापैकी तेरा डुलले. तीन डुलेनात. पोलादी पट्टी लावून पाहिली, दोन पूर्ण सपाट आणि एक चक्क आत गेलेला. पुन्हा पुसून, पुन्हा जोडीदार बदलून पाहिलं. तेच तीन.

दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं की हा माल तपासूनच निघतो. मला संताप आला. हे तीन टॅपेट कुणाच्या तरी इंजिनात गेले असते, अर्ध्या तासात लोब उतरला असता, लोखंडाचा चुरा बेअरिंगमध्ये गेला असता आणि त्याला सांगितलं गेलं असतं की तू तेल चुकीचं वापरलंस. गेल्या काही वर्षांत नवे टॅपेट पहिल्याच तासात मेल्याच्या तक्रारी खूप ऐकू येतात. तेलाचं कारण खरं आहेच, त्याबद्दल पुढे लिहीन. पण उजेडात धरून बघायला दहा मिनिटं लागतात.

सगळा संच परत केला.

१० फेब्रुवारी

दुसऱ्या ठिकाणचा संच आला, जवळजवळ दुप्पट किमतीचा. सोळाच्या सोळा डुलले.

१७ फेब्रुवारी

व्हॉर्टेक हेडची प्रसिद्ध अडचण. स्प्रिंगला वरून धरणारा रिटेनर व्हॉल्व्हबरोबर खाली येतो आणि खाली गाइडवर (व्हॉल्व्हला सरळ धरणाऱ्या नळीवर) तेलाचं सील असतं. कंपनीच्या हेडमध्ये या दोघांत जागा कमी. मोजली: सर्वांत कमी ०.४९२ इंच, सरासरी ०.५०५. माझी उचल ०.४६९. उरले तेवीस थाऊ. किमान पन्नास तरी हवेत, कारण वेगात सगळंच थोडं वाकतं, थोडं उसळतं. रिटेनर सीलवर आपटला तर सील फाटतं, गाइड फुटतो, क्वचित व्हॉल्व्ह सिलिंडरात पडतो.

गाइडच्या भोकात पायलट घालून फिरणारा कटर मिळतो, तो ड्रिलला लावून गाइडचा माथा उतरवला. सोळा गाइड, दुपारी एक ते रात्री नऊ. प्रत्येक गाइडनंतर थांबून डेप्थ मायक्रोमीटर. आता सर्वांत कमी जागा ०.५६०. लोखंडाचा किस सगळ्या पोर्टमध्ये शिरतो, म्हणून दोन्ही हेड नंतर गरम पाण्याने, साबणाने आणि ब्रशने धुऊन वाळवली.

स्प्रिंग डॅम्परवाल्या एकेरी घेतल्या. १.७०० इंच उंचीला बसवल्यावर माझ्या टेस्टरवर १०६ ते १०९ पौंड, पूर्ण उघडल्यावर २७५ ते २८२. ट्रकच्या जुन्या स्प्रिंग ऐंशीच्या खाली आल्या होत्या. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची उंची १.२३१ राहते आणि वेटोळं वेटोळ्याला भिडतं १.१५५ला. शहात्तर थाऊ मोकळे. साठच्या खाली मी गेलो नसतो.

शेजारचे आजोबा, फ्लिंटच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी सुचवलं की १.६चे रॉकर घाल, फुकटात उचल वाढेल. वाढते खरी, ०.५०० होते. पण मग स्प्रिंगमधली मोकळीक पंचेचाळीसवर येते. शिवाय या हेडचे रॉकर स्टड नुसते दाबून बसवलेले आहेत, आट्यांचे नाहीत. जास्त जोर आला की ते हळूहळू वर उचलले जातात. दीडचेच ठेवले. आजोबांना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि आपल्या घरची खोल सॉकेटची पेटी मला वापरायला दिली.

२ मार्च

कॅम आत गेला. त्याआधी लोबांवर आणि टॅपेटच्या तळांवर मोलीची (मॉलिब्डेनमची) काळी पेस्ट, जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर) नुसतं तेल. दुहेरी रोलरची टायमिंग चेन, क्रँकच्या गिअरला दोन-दोन अंशांच्या खाचा.

खुणेला खूण जुळवली म्हणजे कॅम जागेवर बसला, असं धरून चालत नाही. क्रँकला अंशांची चकती लावली, पिस्टन अडवणारी पट्टी डेकवर बसवून खरा टीडीसी (पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू) काढला, पहिल्या इनटेक टॅपेटवर डायल गेज. सर्वोच्च उचलीच्या आधी पन्नास थाऊ खाली ७८ अंश, नंतर पन्नास थाऊ खाली १३९. मध्य १०८.५. कॅमच्या कार्डावर १०६. कॅम अडीच अंश मागे. चूक चेनची, गिअरची की कॅमच्या पिनची ते कळत नाही, सगळ्यांची थोडी थोडी असेल. दोन अंश पुढची खाच वापरली आणि पुन्हा मोजलं. १०६.५. तिसऱ्यांदा मोजलं, तेच. मागे राहिला असता तर खालचा टॉर्क गेला असता, आणि ३.०८च्या गिअरला मला तोच हवाय.

१० मार्च

पिस्टनवर मऊ माती थापून, हलक्या स्प्रिंग लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. हेड काढून माती सुरीने कापली. इनटेकला १४८ थाऊ, एक्झॉस्टला १६२. किमान ऐंशी आणि शंभर पुरतात. या बाजूने निर्धास्त.

३० मार्च

पुशरॉडची लांबी. व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावून, रॉकर बसवून, इंजिन फिरवून पट्टा बघितला. मध्यावर आणि अरुंद. मूळ लांबी, ७.८ इंचाच्या आसपासची, तीच चालली. रॉकरची खाच पूर्ण उचलीला स्टडला लागत नाही हेही वायर घालून पाहिलं.

मग पुशरॉडवर मार्करने एकेक रेघ ओढली आणि मुलीने स्टार्टरचं बटण दाबलं, स्पार्क प्लग काढून. पंधरा रेघा फिरत होत्या. पाचव्याच्या एक्झॉस्टची जागच्या जागी.

टॅपेट बाहेर काढला. टॅपेट बरोबर, भोकाच्या वरच्या कडेला बोटाला लागेल न लागेल अशी बारीक उठलेली धार. ब्लॉक धुताना काहीतरी आपटलं असणार. बारीक दगडाने दोन-तीन हात मारले, धुतलं, पुन्हा पेस्ट. आता सोळाही फिरतात. ही एक रेघ ओढली नसती तर हिवाळ्याचं काम पहिल्या वीस मिनिटांत गेलं असतं.

स्टड किती वर आहेत ते पट्टी ठेवून मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. पाचशे मैलांनी पुन्हा मोजायचं.

८ एप्रिल

आज ग्रहण. आमच्याकडे जवळपास खग्रास. दुपारी तीनच्या सुमाराला गॅरेजच्या दारात उभे राहिलो तर उजेड पितळेसारखा झाला आणि एकदम गार पडलं. काम केलं नाही. उद्या पाडवा, संध्याकाळी श्रीखंड गाळायचं होतं.

२० एप्रिल

इंजिन सुरू केलं.

सपाट टॅपेटच्या कॅमचं आयुष्य पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. टॅपेटला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. आयडलिंगला ते पुरेसं उडत नाही आणि लोबच्या नाकावर स्प्रिंगचा सगळा भार असतो. म्हणून सुरू झाल्या झाल्या दोन हजारांच्या आसपास न्यायचं आणि आयडलिंगला येऊ द्यायचं नाही.

तेलाविषयी. जुन्या तेलात झिंक आणि फॉस्फरसचं संयुग भरपूर असे. दाबाखाली ते धातूवर पातळ थर धरतं आणि लोब-टॅपेटला एकमेकांपासून सांभाळतं. पण फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसएन आणि त्यापुढच्या दर्जांच्या पातळ तेलांत त्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. नव्या रोलर इंजिनांना पुरतं. याला नाही. मी ब्रेक-इनसाठीच बनवलेलं जास्त झिंकचं तेल घातलं.

डिस्ट्रिब्युटर काढून, ड्रिलला लावलेल्या दांड्याने तेलाचा पंप फिरवला, सोळाही रॉकरमधून तेल येईपर्यंत. आठव्या सिलिंडरच्या रॉकरला तेल पोचायला सगळ्यात वेळ लागला, तोवर क्रँक पाव पाव फेरा फिरवत राहिलो. टॅपेट शून्य फटीनंतर अर्धा फेरा दाबलेले. कार्ब्युरेटरच्या वाडग्यात पेट्रोल आधीच भरलं, टायमिंग आधीच जुळवलं, रेडिएटर भरला. लांब क्रँकिंग म्हणजे पेस्ट पुसणं.

दुसऱ्या फेऱ्यालाच पेटलं. २२०० वर नेलं आणि मग १८०० ते २५०० मध्ये खालीवर करत राहिलो, म्हणजे तेल सगळीकडे उडेल. पंचवीस मिनिटं. मुलगी घड्याळ आणि तापमान वाचत होती, शेजारचे आजोबा पाण्याचा पाइप घेऊन उभे. नवव्या मिनिटाला एक्झॉस्टवरचा रंग जळून धूर झाला, तेवढाच प्रसंग. पंचविसाव्या मिनिटाला पेडल सोडलं आणि इंजिन ७५० वर येऊन थांबलं. किंचित हलत होतं, एका लयीत.

तेल गरम असतानाच काढलं. फिल्टर कापला, कागदाच्या घड्या पसरून चुंबक फिरवला. मोलीचा काळा चिकटा आणि थोडी राखाडी पूड. चकाकणारे कण नाहीत.

अण्णांना फोन लावला तेव्हा तिकडे पहाट होती. फोनमधून इंजिन ऐकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टॅपेटचा आवाज न्हाई. बरं झालं."

४ मे

शंभर मैल झाले. आयडलिंगला व्हॅक्यूम साडेपंधरा इंच, ब्रेक पहिल्यासारखा मऊ आणि भरवशाचा. ठिणगीचा पूर्ण अॅडव्हान्स (ती टीडीसीच्या किती आधी पडते ते) ३४ अंशांवर ठेवलाय, ९३ ऑक्टेनवर चढावरसुद्धा ठोकत नाही. ताशी ६५ वर पाय दिला की खालचा गिअर न शोधताही गाडी ओढते. पूर्वी इथे नुसता आवाज वाढायचा. पाच हजारांच्या पुढे अजून नेलं नाही.

८ जून

पाचशे बारा मैल. व्हॉल्व्ह कव्हर उघडली. स्टडांची उंची वहीतल्या आकड्यांशी ताडली: सोळाही जागेवर. व्हॉल्व्हच्या टोकांवरचे पट्टे मध्यावर आहेत. दुसरा फिल्टर कापला, कागद स्वच्छ. जुन्या कॅमचा सीडब्ल्यूसी लिहिलेला तुकडा कापून घेतलाय, दिवाळीला सोलापूरला जाताना अण्णांसाठी नेईन. तो फोडून बघायचा की तसाच ठेवायचा, ते त्यांनी ठरवायचं.